चौथ्या टाक्याबाबतचा खुलासा

प्रति,
मा. परकीय रहिवासी नोंदणी अधिकारी,
नोंदणी कार्यालय, दुसरा मजला
(खिडकी क्रमांक ४ मार्फत)

अर्जदार : परकीय रहिवासी, नोंदणी क्रमांक ३१७. वय त्रेसष्ट. धंदा शिवणकाम. मुक्काम राहत्या घरी, स्थानबद्ध.

विषय : गणवेशाचा एक शर्ट मुदतीत परत न केल्याचा खुलासा, व सदर शर्ट ज्याच्या अंगावर होता त्याची खबर मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपली 'कारणे दाखवा' नोटीस, दि. ११ रोजी दारावर चिकटवलेली.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. (पहिला 'अर्जदार' ऐवजी 'मी' लिहिल्यामुळे परत आला, दुसरा शाई निळी असल्यामुळे. उरलेल्या दोहोंचे काय झाले ते आपणास ठाऊक.)

महोदय,

१. वरील नोटिशीस अनुसरून अर्जदार सादर करतो की, शर्ट हरवलेला नाही, चोरलेला नाही आणि सीमेपलीकडे पाठवलेलाही नाही. तो या अर्जासोबत जोडला आहे. बाराशेपैकी अकराशे नव्याण्णव शर्ट वेळेवर परत गेले आणि एक राहिला, तेव्हा हत्ती गेला आणि शेपूट राहिले असे कुणालाही वाटेल. पण त्या एका शर्टामागे अर्जदाराचा एकुलता एक मुलगा आहे, आणि तो जिवंत आहे की नाही हे विचारायचा अधिकार अर्जदाराला या इमारतीतल्या एकाही खिडकीवर नाही. नोटिशीला उत्तर देण्याची मुभा मात्र परकीयालाही असते, असे नोटिशीच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापले आहे. त्या मुभेचा फायदा घेऊन अर्जदार हे लिहीत आहे.

२. अर्जदार एकोणचाळीस वर्षांपूर्वी या शहरात एका हंगामापुरता आला. तेव्हा सीमेवर एक लाकडी दांडा होता आणि दांड्याशी जांभया देणारा एक शिपाई. हंगाम संपला, परंतु दुकानमालकाच्या भाचीचा कोट तीनदा उसवून पुन्हा शिवावा लागला, कारण तो लवकर पुरा व्हावा असे ना शिवणाऱ्याला वाटत होते ना घालणारीला. पुढे तिच्याशीच लग्न झाले. मामा पलीकडचा असला तरी ती याच देशात जन्मलेली, इथलीच नागरिक होती. सहा वर्षांपूर्वी ती वारली. अर्जदाराने इथले नागरिकत्व का घेतले नाही, असे आपल्या माणसांनी चौकशीत विचारले होते. त्याचे खरे उत्तर असे की, त्यासाठी पलीकडचे कागद जमा करावे लागत, आणि पलीकडे आई होती, तिला भेटायला जाणे बंद झाले असते. आई गेल्यावर आज जाऊ, उद्या जाऊ, असे करता करता राहून गेले. आळस हा राजद्रोह असेल तर अर्जदार दोषी आहे.

मुलगा बावीस वर्षांचा, इथे जन्मलेला, या देशाचा पक्का नागरिक. दोन वर्षांचा असताना त्याने कोटाचे बटण गिळले आणि सगळे दुकान तीन दिवस काम सोडून त्या बटणाची वाट पाहत बसले. तेव्हापासून त्याला बटण म्हणतात. बापाच्या भाषेत त्याला साधे पाणी मागता येत नाही. त्याचे खरे नाव अर्जदार या अर्जात कुठेही लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.

३. सीमेवरील परिस्थिती (तिला लढाई म्हणू नये असे परिपत्रक असल्याने अर्जदार म्हणत नाही) उद्भवली, तेव्हा पहिल्या आठवड्यात कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात सगळे फार गोड बोलू लागले. पलीकडच्या देशाचे म्हणून या पेठेत तिघे निघाले : दाताचा डॉक्टर, गाणे शिकवणारी बाई आणि अर्जदार. रोज सकाळी आठला खिडकी चारपुढे हजेरी. तीन परकीय एकत्र उभे राहिले तर तो जमाव होतो, म्हणून तिघांनी पाच पाच पावले सोडून, तीन बाजूंना तोंडे करून उभे राहावे, असे लिपिकाने समजावले. रस्त्यात आपली भाषा बोलू नये हे कुणी सांगितले नव्हते. ते सगळ्यांना आपोआप कळले. गाण्याची बाई खिडक्या लावून, पुटपुटत गाणे शिकवते. डॉक्टरने पाटी उतरवली. सुजल्या गालाची माणसे त्याच्याकडे मागच्या दाराने येतात आणि दात काढून झाला की पुढच्या रस्त्यावर त्याला ओळख देत नाहीत. अर्जदाराच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासले. अगदी कडा सांभाळून, अक्षरे झाकतील एवढेच फासले होते, म्हणजे काम ओळखीच्याच माणसाचे. अर्जदाराने कुणाला दोष दिलेला नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते, एवढे कळण्याइतके वय झाले आहे.

४. त्यानंतर जप्ती झाली. चार बोटांहून लांब पाते परकीयाने बाळगू नये या नियमाखाली अर्जदाराची कात्री नेली. पावती मिळाली आहे, तीवर 'दुधारी शस्त्र, एक' असे आहे. भिंतीवर खुंटीला टांगलेले कागदी खाके 'नकाशे' म्हणून नेले. त्यांवर तुटक रेषा, बाण आणि आकडे आहेत हे खरे. तथापि डाव्या बाहीचा खाका हा कोणत्याही खिंडीचा नकाशा नाही. बाण दाखवतो तो कापडाचा उभा धागा, सैन्याची दिशा नव्हे. त्या गठ्ठ्यात आपल्या लग्नाच्या कोटाचाही खाका आहे, साहेब. आपला डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धे बोट खाली आहे. आत कापसाची गादी घालून तो सारखा केला, ही गोष्ट या शहरात फक्त अर्जदाराला माहीत आहे आणि ती त्याने आजवर कोणत्याही परकीय सत्तेला कळवलेली नाही.

५. आता मुख्य गोष्ट. भरतीचा हुकूम तिसऱ्या आठवड्यात आला. सोबत फॉर्म. त्यात 'वडील : हयात / मयत' आणि हयात असल्यास त्यांचे राष्ट्रीयत्व, असे रकाने होते. डॉक्टरचा मुलगा आधीच्या तुकडीत होता, त्याने खरे तेच भरले होते. त्याला हातात बंदूक न देता सुरुंग शोधणाऱ्यांच्या पुढे चालायला लावले, आणि अकराव्या दिवशी डॉक्टरकडे पोराचे घड्याळ पोस्टाने आले. ते घड्याळ डॉक्टरने हजेरीच्या रांगेत पाच पावलांवरून अर्जदाराला दाखवले.

त्याच दिवशी अर्जदाराने स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म पसरला, पेन घेतले आणि 'हयात' हा शब्द खोडला. मुलगा म्हणाला, "बाबा, असलं काही लिहू नका. हात तरी कसा होतो तुमचा?" अर्जदाराने त्याला सांगितले, "मेलेला बाप कुणाच्या वाटेत येत नाही. सही कर." मृत्यूची तारीख विचारली होती, तिथे बायकोची तारीख घातली, म्हणजे पोराला लक्षात ठेवायला एकच. जवळचे नातेवाईक : नाहीत. महोदय, हा गुन्हा सर्वस्वी अर्जदाराचा आहे. अक्षर अर्जदाराचे आहे, ताडून पाहावे. मुलाने खाली सही तेवढी केली, तीही अर्जदाराने आवाज चढवल्यावर. उभ्या आयुष्यात अर्जदार त्याच्यावर दोनदा ओरडला, पहिल्यांदा बटण गिळले तेव्हा.

६. खोटे बोलायला सोपे असते, पण ते निस्तरायला आयुष्य जाते. कागदोपत्री मेलेल्या माणसाला आघाडीवरून पत्र धाडता येत नाही. तेव्हा शेजारच्या किराणा दुकानदार बाईच्या पत्त्यावर, तिलाच लिहिल्यासारखी पत्रे येऊ लागली. तिला तो लहानपणापासून मावशी म्हणतो. बापाचा उल्लेख 'दुकान' असा करायचा ठरले होते. सात पत्रे आली. सहाव्यात त्याने लिहिले, "मावशी, दुकानाच्या गुडघ्याला रोज तेल लावते आहेस ना? दुकान रागीट आहे, पण मनाने चांगलं आहे." पत्रे तपासणाऱ्या साहेबांनी हे कसे जाऊ दिले कळत नाही. त्यांचाही कुठेतरी असा गुडघा दुखणारा बाप असावा. सातव्या पत्रानंतर आज त्रेपन्न दिवस झाले. आठवे आलेले नाही.

बाई सैनिक कुटुंबांच्या खिडकीवर तीन वेळा जाऊन आली. तिला विचारले, "सख्खी मावशी का?" बाई खोटे बोलायला गेली, पण तिला ते जमले नाही. खिडकीतला माणूस वाईट नव्हता, त्याने वही उघडून पाहिली आणि म्हणाला, "आई नाही, बाप नाही, नातेवाईक नाहीत. ज्याचं कुणीच नाही त्याची खबर मी कुणाला द्यायची, तुम्हीच सांगा." अर्जदार तेव्हा समोरच्या फुटपाथवर उभा होता. तो रस्ता ओलांडून गेला असता आणि मी त्याचा बाप असे म्हणाला असता, तर फॉर्म खोटा ठरला असता आणि पोर जिथे असेल तिथून उचलून सुरुंगवाल्यांच्या पुढे उभे केले असते. इकडे आड, तिकडे विहीर. अर्जदार परत घरी आला.

७. शर्टाचे प्रकरण याच सुमारास सुरू झाले. अर्जदार बारा वर्षे येथील कोठारासाठी गणवेशाचे शर्ट शिवतो. प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या पट्टीत, अस्तराच्या आत, दोन आडवे आणि एक उभा असे तीन टाके पिवळ्या दोऱ्याने घालायची त्याची पद्धत आहे. शर्ट दुरुस्तीला परत आला तर आपला कोणता ते कळावे आणि दुसऱ्याच्या वाकड्या शिवणीचे खापर आपल्या डोक्यावर फुटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. ही खूण दुकानाच्या जुन्या मालकाने शिकवली. धुलाईत एक कॉलर फाटली, कोठारप्रमुखाला आत पिवळा दोरा दिसला, आणि मग काय विचारता! तीन गृहस्थ दुकानात येऊन बसले. दोन आडवे एक उभा म्हणजे काय? अर्जदार म्हणाला, म्हणजे हा शर्ट मी शिवला. कुणाच्या सांगण्यावरून? मालकाच्या. मालक कुठला? पलीकडचा. आता कुठे आहे? वारला. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. सुतावरून स्वर्ग गाठणे म्हणतात ते अर्जदाराने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

८. आदेश निघाला : शत्रुदेशीय व्यक्तीने सैनिकी वस्त्रांत घातलेल्या पिवळ्या दोऱ्याच्या सर्व सांकेतिक खुणा नष्ट कराव्यात. दुसऱ्या शिंप्यांना कॉलर न फाडता ती खूण सापडेना, म्हणून ज्याने घातली त्यानेच उसवावी, असे ठरले. अर्जदाराला घरात स्थानबद्ध केले आणि पन्नास पन्नासांचे गठ्ठे घरपोच येऊ लागले. स्थानबद्धाला लहानसे पातेही ठेवायला बंदी, तेव्हा प्रत्येक टाका सुईच्या टोकाने उचलून काढावा लागला. दाराशी एक पहारेकरी. त्याला आपण 'सतर्क' असा शेरा द्यावा, तो खरोखर सतर्क आहे. त्याच्या खिशाची शिवण उसवली होती, ती अर्जदाराने घातली. हा सैनिकी वस्त्रात पुन्हा हस्तक्षेप होत असल्यास तोही नोटिशीत वाढवून घ्यावा.

अर्जदाराने कुरकुर केली नाही. बारा वर्षांत घातलेली खूण स्वतःच्या हाताने काढणे हे दुःख आहे, पण ते सोसण्यासारखे आहे. दिवसाला साठ कॉलरी झाल्या. पहिले वीस गठ्ठे कोरे, कोठारातले. एकविसाव्यापासून अंगावर घालून आलेले शर्ट येऊ लागले. धुतलेले, परंतु शिंप्याला कळते. बगलेतला घाम, कोपरावरची माती, कॉलरच्या आत मानेचा ठसा. काहींना भोके होती. काहींना पुढचा भागच नव्हता. असे शर्ट उसवण्यासाठी कशाला पाठवता, असे अर्जदाराने पहारेकऱ्याला विचारले. तो म्हणाला, "काका, ऑर्डरमध्ये 'सर्व' लिहिलंय. मी तरी काय करू?"

९. तेविसाव्या गठ्ठ्यातला सतरावा शर्ट. अर्जदाराने पट्टी उघडली, दोन आडवे दिसले, एक उभा दिसला, आणि त्याच्या शेजारी चौथा टाका दिसला. हिरवा.

याचा खुलासा असा. आघाडीवर जाण्यापूर्वी मुलाला एका दिवसाची रजा मिळाली. तो उजळ माथ्याने किराणा दुकानात गेला आणि तिथून मागच्या दाराने बापाकडे आला. कोठारातून मिळालेला शर्ट त्याला गळ्याशी ढगळ होत होता. मान चौदा इंची, कॉलर साडेपंधराची. बापानेच शिवलेला शर्ट आणि पोराच्याच गळ्यात बसेना, म्हणून तो हसत होता. अर्जदाराने पट्टी उघडून कॉलर आत घेतली. बंद करण्यापूर्वी मनात काय आले कोण जाणे, बायकोचा दोऱ्याचा डबा उघडला आणि तिच्या हिरव्या दोऱ्याने एक टाका जास्तीचा घातला. मुलगा आरशात मान वळवून पाहत होता, त्याला दिसले नाही. अर्जदाराने सांगितलेही नाही. असल्या गोष्टी सांगितल्या तर पोरे चिडवतात.

बारा वर्षांत घातलेल्या हजारो कॉलरींत चौथा टाका एकच आहे. अर्जदाराने तो शर्ट मांडीवर घेतला. पहारेकरी गठ्ठा मोजायला आला तेव्हा मोजणीत एकोणपन्नास भरले. अर्जदाराने तोंड उघडले नाही. चोरी झाली ती एवढी.

१०. सदर शर्टाचे वर्णन, सरकारी नोंदीसाठी : शेपटाला, म्हणजे मागच्या खालच्या घेराला, छापलेल्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे शाबूत, बाकीचे धुऊन गेलेले. दुसरे बटण नाही. डाव्या खिशाखाली करंगळी जाईल एवढे भोक, त्याभोवती कितीही धुतले तरी न निघणारा तपकिरी डाग. पुढचा भाग खालून वर कॉलरपर्यंत कात्रीने सरळ कापलेला.

या कापण्याबद्दल अर्जदाराला काही म्हणायचे आहे, आणि या एका बाबतीत त्याचे म्हणणे कोणत्याही साहेबाच्या म्हणण्यापेक्षा खरे धरावे, अशी विनंती आहे. बावन्न वर्षे तो कात्री चालवतो. हा काप घाईचा आहे. कापणारा उजव्या बाजूला उभा होता, त्याने बटणपट्टी टाळली आणि एका दमात वर गेला. मध्ये दोन ठिकाणी कात्री अडली तरी थांबला नाही. मेलेल्या माणसाचा शर्ट कुणी असा कापत नाही. त्याची बटणे सावकाश सोडता येतात, किंवा तो तसाच राहू देतात. घाई करतात ती जिवंत माणसासाठी.

हे अर्जदाराला पहिल्या दिवशी सुचले आणि त्याला फार बरे वाटले. दुसऱ्या दिवशी सुचले की घाई केली म्हणजे वेळेवर पोचले असे नाही. तिसऱ्या दिवशी तो जेवला नाही. पहारेकऱ्याने विचारले, "काका, बरं नाही का?" अर्जदाराने गुडघा दुखतो म्हणून सांगितले.

११. शर्ट ठेवून घेण्याचे कारण वर दिले. विलंबाचे कारण वेगळे आहे. सरकारी वस्तू ज्या अवस्थेत आली त्याहून वाईट अवस्थेत परत करू नये असा नियम आहे; चांगल्या अवस्थेत करू नये असे कुठे लिहिलेले अर्जदाराला आढळले नाही. तेव्हा त्याने तो पुढचा काप आतून पट्टी लावून शिवला. कात्री आपल्याकडे जमा असल्याने पट्टीचे कापड दातांनी आणि सुईने फाडून घ्यावे लागले. भोक रफू केले. रफूसाठी त्याच कापडाचा दोरा हवा, तो शेपटाच्या आतल्या मुडपीतून काढला. डाग निघाला नाही. दुसरे बटण लावले. चार दिवस याला लागले. एरवी अर्ध्या दिवसाचे काम आहे, परंतु अर्जदाराचे डोळे या दिवसांत नीट काम देत नाहीत आणि सुईत दोरा ओवायला पहारेकऱ्याला हाक मारावी लागे. त्याला अर्जदाराने हा शर्ट कुणाचा ते सांगितलेले नाही. त्याच्यावर कारवाई करू नये.

१२. नोटिशीत लिहिले आहे की, खुलासा समाधानकारक न वाटल्यास अर्जदाराला तारेच्या कुंपणातल्या वस्तीत हलवण्यात येईल. हलवावे. गाण्याची बाई गेल्या सोमवारीच गेली. तिथे निदान तिघांनी एकत्र उभे राहिलेले चालते, असे ऐकतो. कात्री, खाके, दुकान, एकोणचाळीस वर्षांचे परवाने यांतले काहीही परत मागण्यासाठी हा अर्ज नाही. मागणे एकच आहे, आणि ते दोन तोंडांचे आहे, त्याला अर्जदाराचा इलाज नाही.

शर्टाच्या शेपटाचे चार आकडे आणि कोठाराची वही एवढ्यावरून तो कुणाच्या अंगावर होता ते आपण बसल्या जागी काढू शकाल. नाव काढावे, परंतु ते या अर्जावर लिहू नये. मग रुग्णालयांची यादी पाहावी.

तो जिवंत असेल, तर हा अर्ज आलाच नाही असे समजावे. मुद्दा क्रमांक पाच फाडून टाकावा. त्याचा बाप मेलेला आहे, फॉर्मवर आहे तेच खरे आहे, आणि परकीय रहिवासी क्रमांक ३१७ त्याचा कुणी लागत नाही. नोटीस आपल्या मार्गाने चालू द्यावी. अर्जदार कुंपणाआड जाईल आणि त्याच्याविषयी पुन्हा कधी, कोणत्याही खिडकीवर, एक शब्द विचारणार नाही. फक्त हा शर्ट त्याच्याकडे पोचवावा. बरा झाला की त्याला लागेल.

तो जिवंत नसेल, तर मी त्याचा बाप आहे. तसे लिहून देतो, खाली सही करतो, खोट्या फॉर्मची जी शिक्षा असेल ती घेतो. डॉक्टरला घड्याळ मिळाले तसे मला पोर मिळावे. ते शक्य नसेल तर त्याला उघडे ठेवू नये. हा शर्ट घालावा. घालताना वरचे बटण लावायला विसरू नये. गळा त्याच्या मापाचा करून दिला आहे.

दोहोंपैकी काय ते मला कळवायला पत्र लिहिण्याचीही गरज नाही. मेलेल्याला आणि स्थानबद्धाला पत्र पाठवण्यात अडचणी असतात हे मी समजू शकतो. शर्ट माझ्याकडे परत आला नाही, तर मी समजेन की तो कुणाच्या तरी अंगावर आहे. त्यापुढचे विचारणार नाही.

आपल्या आदेशाच्या बाहेर कधी न गेलेला,
एक टाका सोडून,

(सही)
नोंदणी क्रमांक ३१७

दिनांक : १९
स्थळ : राहते घर, परवानगीशिवाय सोडू नये असे

सोबत जोडले आहे :

१) दुधारी शस्त्राची पावती. कात्री आता लागणार नाही, कोणा गरजू शिंप्याला द्यावी.

२) किराणा दुकानाच्या पत्त्यावर आलेले सहावे पत्र. वाचून परत करावे. बाईला त्रास देऊ नये, ती कुणाची सख्खी मावशी नाही.

३) शर्ट, एक. दुरुस्त केलेला, इस्त्री केलेला. कॉलरच्या पट्टीतले तीनही पिवळे टाके आदेशाप्रमाणे उसवले आहेत. हिरवा राहू दिला आहे. आदेशात उल्लेख फक्त पिवळ्या दोऱ्याचा आहे.